आगमनकाळ: जो येऊन गेला, त्याची वाट

पायवाट | ३० नोव्हेंबर २०२५, सकाळी ११:४०

मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, आटोपून आत्ताच घरी आले. आज आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार, म्हणजे आमच्या उपासनेचं नवं वर्ष आजपासून सुरू झालं. गेली काही वर्षं या दिवसांबद्दल मनात जे साठत गेलंय ते एकदा नीट मांडावं असं वाटलं. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पुष्कळांना, आणि बरीच वर्षं मलाही, आगमनकाळ म्हणजे नाताळची पूर्वतयारी एवढंच वाटतं. साफसफाई, खरेदी, गाण्यांच्या तालमी आणि दिवस मोजणं. पण दिवस मोजणं वेगळं आणि वाट पाहणं वेगळं. मोजायला कॅलेंडर पुरतं. २५ तारीख ठरलेली आहे, आपण झोपून राहिलो तरी ती येणारच. वाट पाहायची तर वाटेकडे डोळे लावून बसावं लागतं.

मराठीत 'वाट पाहणं' हा शब्दच बघा ना. त्यात येणाऱ्याचं नाव नाही, येण्याची वेळ नाही. नजर कुठे ठेवायची एवढंच सांगितलंय. आणि या दिवसांत ज्याची वाचनं सतत कानावर येतात तो यशया संदेष्टा नेमका वाटेबद्दलच बोलतो: अरण्यात प्रभूसाठी मार्ग तयार करा, दऱ्या भरून काढा, डोंगर खाली आणा, वाकडं सरळ करा. म्हणजे वाट पाहता पाहता तिच्यावरचे धोंडेही उचलायचे. माझ्या दृष्टीने अख्खा आगमनकाळ या दोन क्रियापदांत आहे: वाट पाहा, वाट नीट करा.

'आगमन' हे लॅटिन 'आद्व्हेंतुस'चं सरळ भाषांतर. रोमन जगात सम्राट एखाद्या शहरात प्रवेश करायचा त्या समारंभालाही हाच शब्द होता. लोक वेशीबाहेर जाऊन त्याला सामोरे जात. नव्या करारात ख्रिस्ताच्या पुन्हा येण्यासाठी 'पारूसिया' हा ग्रीक शब्द येतो, त्यालाही लॅटिन बायबलात 'आद्व्हेंतुस'च घातला गेला. त्यामुळे या नावात गव्हाणीतलं बाळ जितकं आहे तितकाच काळाच्या शेवटी येणारा राजाही आहे.

म्हणूनच आजचं शुभवर्तमान गोठ्याचं नव्हतं. मत्तयाचा २४ वा अध्याय होता. नोहाच्या दिवसांत लोक खातपीत होते, लग्नं लावत होते, आणि प्रलय येईपर्यंत कुणाला काही कळलं नाही. चोर कोणत्या प्रहरी येणार हे घरधन्याला माहीत असतं तर तो जागा राहिला असता. म्हणून जागे राहा. नाताळची चाहूल लागावी म्हणून चर्चमध्ये गेलेल्या माणसाला हे वाचन दचकवतं. मला ते आता हवंसं वाटतं.

हे 'जागे राहा' मला कळलं ते चर्चमध्ये नाही. काही वर्षांपूर्वी बाबा अतिदक्षता विभागात होते. आख्खा आगमनकाळ मी त्या दाराबाहेरच्या बाकावर काढला. दाराला बाहेरून मूठ नव्हती. आत काय चाललंय ते दिसत नाही, विचारायला जाता येत नाही. बाकावर आम्ही आठ-दहा जणं, एकमेकांची नावंही माहीत नसलेली. कुणी जपमाळ ओढतंय, कुणी मोबाइलवर काही बघतंय, कुणी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटलेत. पण दाराचा नुसता खट् असा आवाज झाला की सगळी डोकी एकदम वर. झोपलेलाही जागा. मोबाइल तसाच हातात. एवढं एकाग्र लक्ष मी प्रार्थनेत कधी दिलं नव्हतं. त्या वर्षी मेणबत्ती लावली नाही, एकही गाणं म्हटलं नाही, पण आगमनकाळ म्हणजे काय हे त्या बाकावर समजलं.

तुमच्याकडे हे दिवस कसे पाळतात, किंवा पाळत नाहीत, ते लिहा.

निळासावळा | ३० नोव्हेंबर, दुपारी २:०५

छान धागा. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर माफ करा. येशू तर येऊन गेला. जो येऊन गेला त्याची वाट कशी पाहणार? वाढदिवसाची पाहतो तशी का?

पायवाट | ३० नोव्हेंबर, दुपारी ३:३०

बाळबोध मुळीच नाही. धाग्याचा गाभाच विचारलात.

वाढदिवसाची उपमा अर्ध्यापर्यंतच पोचते. वाढदिवसाला आपण मागे बघतो. आगमनकाळात मागे बघायचं ते पुढचं दिसावं म्हणून. बाराव्या शतकातल्या क्लेर्व्होच्या बर्नार्ड या मठाधिपतींनी प्रभूची तीन आगमनं सांगितली आहेत. पहिलं देहात आणि दुर्बळतेत, बेथलेहेमला. शेवटचं वैभवात. आणि या दोहोंच्या मधलं एक गुप्त, माणसाच्या अंतःकरणात होणारं. हे मधलं आगमन म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत नेणारी वाट आहे, असं ते म्हणतात. 'वाट' हाच शब्द, लॅटिनमधला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गप्प बसले होते.

अजून एक. पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या तोंडी अरामी भाषेतली एक हाक होती, ती प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी तशीच ठेवली आहे: मारानाथा. तिची फोड दोन प्रकारे होते. 'मारान अथा' म्हटलं तर 'आमचा प्रभू आला आहे'. 'माराना था' म्हटलं तर 'आमच्या प्रभू, ये'. अक्षरं तीच. झालेली गोष्ट आणि मागणं एकाच श्वासात. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच. तो आला आहे हे ज्याला ठाऊक आहे तोच 'ये' म्हणू शकतो, कारण हाक कुणाला मारायची हे त्याला माहीत आहे.

(मराठी कानाला त्या शब्दाच्या शेवटी 'नाथा' ऐकू येतं. व्युत्पत्तीचा काही संबंध नाही, पण मी प्रार्थनेत तो तसाच ऐकते.)

निळासावळा | ३० नोव्हेंबर, दुपारी ३:५२

धन्यवाद. आता शीर्षक कळलं. वाचतोय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

तारसप्तक | १ डिसेंबर, रात्री ९:१५

मी गायनवृंदात आहे, त्यामुळे माझा आगमनकाळ कानांतून येतो. या रविवारांना मिस्सामध्ये 'ग्लोरिया', म्हणजे देवदूतांचं गौरवगीत, म्हणत नाहीत. चार रविवार ती जागा रिकामी जाते. पश्चात्तापाची प्रार्थना संपते, सवयीने छाती भरून येते आणि गाणं नसतं. मग नाताळच्या रात्री ते परत येतं. बेथलेहेमच्या रानात मेंढपाळांना ऐकू आलं तेच हे गीत, म्हणून त्या रात्रीपर्यंत राखून ठेवायचं. ऑर्गनवाल्याची बोटं त्या क्षणी थरथरताना मी पाहिली आहेत. चार आठवडे गाळल्याशिवाय तो थरथराट येत नाही.

पण 'आलेलुया' मात्र चालू राहतो. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या दिवसांत, तोही बंद असतो. आगमनकाळ आणि उपवासकाळ दोन्हींचा रंग जांभळा असला तरी दोन्ही एक नव्हेत, हे सांगायला मला हा फरक पुरतो. इथे शोक नाही, आवरून धरलेला आनंद आहे.

माझं गाऱ्हाणं एकच. डिसेंबर लागला की सगळीकडे नाताळची गाणी वाजायला लागतात आणि २५ तारखेला लोक थकलेले असतात. नाताळचा सण २५ ला सुरू होतो हो, संपत नाही. ज्यांना खरंच वाट पाहायची आहे त्यांनी ही गाणी थोडी थांबवून बघावीत. आगमनकाळाची स्वतःची गाणी आहेत, आणि त्यांत 'ये' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो.

साधा_माणूस | २ डिसेंबर, सकाळी ७:२०

सगळ्यांचं आदराने वाचलं. आमच्या मंडळीत आगमनकाळ पाळत नाहीत. बायबलमध्ये त्याची आज्ञा नाही. उलट गलतीकरांस पत्रात पौल दिवस, महिने, ऋतू पाळण्याबद्दल चिंता व्यक्त करतो. प्रभूची वाट रोज पाहायची आहे. ती चार आठवड्यांत बसवली की उरलेले अठ्ठेचाळीस आठवडे मोकळे सुटल्यासारखे होत नाहीत का?

समई | २ डिसेंबर, रात्री १०:४०

साधा_माणूस, तुमचा आक्षेप मला पटतो आणि तरीही मी आगमनकाळ पाळते. दोन्ही कसं ते सांगते.

आज्ञा नाही, खरंच. हा काळ हळूहळू घडत गेलाय. ३८० साली स्पेनमध्ये सारागोसा इथे धर्मसभा झाली, तिने सांगितलं की १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंतच्या एकवीस दिवसांत कुणी देवळाला गैरहजर राहू नये. पाचव्या शतकात गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, तूर शहराचे बिशप पेर्पेतुस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, आठवड्यातून तीन दिवस उपास घालून दिला. रोममध्ये चार रविवारांची पद्धत रुजली, मिलानच्या अम्ब्रोसी परंपरेत अजूनही सहा आहेत. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या १५ नोव्हेंबरपासून चाळीस दिवस उपास करतात. आज पश्चिमेकडे ३० नोव्हेंबरच्या, म्हणजे संत अंद्रियाच्या सणाच्या, सगळ्यांत जवळच्या रविवारी तो सुरू होतो, म्हणून कधी बावीस दिवसांचा असतो तर कधी अठ्ठावीस.

इतक्या तऱ्हा आहेत यावरूनच कळतं की ही कुणी वरून लादलेली आज्ञा नाही. ठिकठिकाणच्या लोकांना सणाआधी थोडं थांबावंसं वाटलं, एवढंच. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात तोच पौल म्हणतो की कुणी एक दिवस दुसऱ्याहून मोठा मानतो, कुणी सगळे सारखे मानतो. ज्याची त्याची स्वतःच्या मनात खात्री असावी.

'उरलेले आठवडे मोकळे' याबद्दल माझा अनुभव उलटा आहे. रोज करायची गोष्ट वर्षातून एकदा नीट शिकावी लागते, नाहीतर 'रोज' म्हणता म्हणता ती कधीच होत नाही. माझं तरी असं होतं.

साधा_माणूस | ३ डिसेंबर, सकाळी ६:५५

समईताई, रोमकरांस १४ ची आठवण दिलीत, मान्य. मी पाळणार नाही, पण पाळणाऱ्याला आता अडवणारही नाही. मत्तय २४ आज घरी वाचलं, मोठ्याने.

पूर्वरंग | ४ डिसेंबर, रात्री ११:३०

अजून एक परंपरा इथे आली नाही म्हणून लिहितो. पूर्व सिरियाक मंडळ्यांत, म्हणजे सिरियाक भाषेच्या परंपरेतल्या पूर्वेकडच्या जुन्या चर्चमध्ये, या काळाला 'सुबारा' म्हणतात, म्हणजे घोषणा, शुभवार्ता. तिथे शेवटच्या न्यायाऐवजी लूक आणि मत्तयाच्या गोष्टी क्रमाने ऐकायच्या. पहिल्या रविवारी देवदूत जखऱ्याकडे येतो, मग मरियेकडे, मग बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्म, मग योसेफाचं स्वप्न. पश्चिमेत 'जागे राहा' अशी हाक, इथे एका घरातून दुसऱ्या घरात जाणारा निरोप.

यात माझा माणूस जखऱ्या. म्हातारा याजक, मूल नाही. मंदिरात धूप जाळायला आत गेलाय, गब्रीएल सांगतो की तुला मुलगा होईल. त्याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचा जाते. बायकोचं, अलीशिबेचं, बाळंतपण होऊन मुलाचं नाव ठेवायचा दिवस येईपर्यंत तो मुका. लोक याला शिक्षा म्हणतात. मला ती शिक्षा कमी आणि सक्तीची विश्रांती जास्त वाटते. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी प्रार्थनेचे शब्द उच्चारणाऱ्याला देवाने गप्प बसवून बघायला लावलं. शेवटी तो पाटी मागतो आणि लिहितो, याचं नाव योहान आहे.

आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायातले शब्द आपल्या भाषेत किती घरगुती होतात: मरियेचे दिवस भरले. गरोदर बाईचं वाट पाहणं हेच खरं आगमनकाळाचं चित्र. जो यायचा आहे तो आतच आहे, फक्त दिसत नाही. दिवस भरले की येणारच.

समई | ७ डिसेंबर, संध्याकाळी ७:१०

आज चक्रावरची दुसरी मेणबत्ती, दर रविवारी एकेक लावतात त्यातली. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलं आगमनकाळाच्या चक्राबद्दल विचारतात म्हणून त्याची गोष्ट इथेही ठेवते. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ योहान हिन्रिख विखर्न नावाच्या प्रोटेस्टंट पाळकांनी गरीब, निराधार मुलांसाठी आश्रम चालवला होता. नाताळ किती दिवसांवर आला असं मुलं रोज विचारायची. म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या: वीस छोट्या लाल, आठवड्याच्या दिवसांसाठी, आणि चार मोठ्या पांढऱ्या, रविवारांसाठी. त्या वर्षी १ डिसेंबरलाच रविवार होता, म्हणून हिशेब चोवीसचा बसला. हिरव्या फांद्या नंतर आल्या, छोट्या मेणबत्त्या गळाल्या, चार उरल्या. कॅथलिक चर्चमध्ये हे चक्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं.

पायवाट | ७ डिसेंबर, रात्री ८:०२

समई, निराधार मुलांच्या प्रश्नातून ते आलं हे माहीत नव्हतं. आता दरवर्षी आठवेल.

चक्रात मला आवडतं ते शेवटच्या रविवारचं रूप. पहिली मेणबत्ती तोवर जळून बोटाएवढी उरलेली असते, मेण ओघळून फांद्यांच्या सुयांवर गोठलेलं. दुसरी तिच्याहून उंच, तिसरी त्याहून, चौथी कोरी करकरीत. चार पायऱ्यांचा जिना दिसतो. सगळ्यांत आधी पेटलेली सगळ्यांत बुटकी. फोटोंमध्ये चारही सारख्या उंचीच्या दाखवतात, तसं असूच शकत नाही. वाट पाहणारं माणूस झिजतं.

रानजाई | ८ डिसेंबर, रात्री १:४८

झोप नाही म्हणून वाचत बसले.

पूर्वरंग, तुम्ही वाईट हेतूने लिहिलं नाही हे मला कळतं. पण 'दिवस भरले की येणारच' हे वाचून मी फोन पालथा ठेवला. माझे दिवस भरले नाहीत. या वर्षी सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. काल चर्चमध्येही तेच, मरियेसारखं वाट पाहायला शिका. मी उठून बाहेर आले.

मी वाट पाहिली. तुम्ही सगळे म्हणता तशी, जागी राहून, लक्ष देऊन, वाटेवरचा एकेक दगड उचलून. कुणी आलं नाही. माझ्यासारखीने या चार आठवड्यांचं काय करायचं ते सांगा. आणि देवाची योजना म्हणू नका.

पूर्वरंग | ८ डिसेंबर, सकाळी ६:१०

रानजाई, मला माफ करा. 'येणारच' हा शब्द माझा होता, शास्त्राचा नाही. तो मी मागे घेतो.

पायवाट | १० डिसेंबर, रात्री १०:२०

रानजाई, दोन दिवस काही लिहवलं नाही. जे लिहितेय ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

पहिल्या दिवशी मी बाकाची गोष्ट सांगितली आणि अर्ध्यावर थांबले. बाबा घरी आले नाहीत. १९ डिसेंबरच्या पहाटे दार उघडलं, नेहमीसारखी सगळ्यांची डोकी वर झाली आणि नर्सने आमचं नाव घेतलं. सहा दिवसांनी नाताळ होता. मी गेले नाही. पुढच्या वर्षी गेले, आणि तेही ग्लोरिया सुरू व्हायच्या आधी निघून आले. हे मी आधी लिहायला हवं होतं. गाळल्यामुळे माझं म्हणणं होतं त्यापेक्षा गोड झालं.

मला धरून ठेवणारी दोन माणसं सांगते. दोघांना मी मार्गदर्शक म्हणून आठवत नाही, सोबत म्हणून आठवते. डीट्रिख बोनहॉफर हे नाझीविरोधी जर्मन पाळक १९४३ च्या एप्रिलपासून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते. त्या वर्षी आगमनकाळ लागायच्या आठवडाभर आधी, २१ नोव्हेंबरच्या पत्रात, त्यांनी मित्राला लिहिलं की तुरुंगाची कोठडी आगमनकाळासारखी असते. माणूस वाट पाहतो, आशा करतो, हे कर ते कर असं काहीबाही करत राहतो, पण दार बंद आहे आणि ते फक्त बाहेरूनच उघडता येतं. पुढच्या वर्षी त्याच तुरुंगात आल्फ्रेड डेल्प हे येशूसंघी धर्मगुरू होते. बेड्या घातलेल्या हातांनी त्यांनी आगमनकाळावरची मननं कागदाच्या तुकड्यांवर लिहिली आणि ती चोरून बाहेर गेली. डेल्पना २ फेब्रुवारी १९४५ ला फाशी दिली. बोनहॉफरना ९ एप्रिलला. दोघांचंही दार कुणी उघडलं नाही, निदान ज्या अर्थाने तुम्हा-आम्हाला हवं असतं त्या अर्थाने नाही.

म्हणून मला आगमनकाळ 'सुंदर' म्हणवत नाही. मेणबत्त्या सुंदर असतात. हा काळ मुळात अंधारात बसलेल्यांचा आहे. यशयाने ते शब्द लिहिले ते उत्सवात असलेल्यांसाठी नाही. तुम्ही उठून बाहेर गेलात, त्याने तुम्ही आगमनकाळाच्या बाहेर गेलात असं मला वाटत नाही. बाहेर उभं राहून 'कुणी आलं नाही' म्हणणं हीच त्याची सगळ्यांत जुनी प्रार्थना आहे. स्तोत्रं तिने भरली आहेत. 'हे परमेश्वरा, किती वेळ?' हा त्यांतला प्रश्न कुणी कधी खोडला नाही.

काही करू नका. चक्र नको, गाणी नको. आम्ही इथे आहोत.

निळासावळा | ११ डिसेंबर, सकाळी ९:००

रानजाई, मला प्रार्थना येत नाही. पण हा धागा मी रोज उघडतो, तुम्ही लिहिलंत का ते बघायला.

तारसप्तक | १४ डिसेंबर, दुपारी १२:५०

आज तिसरा रविवार, 'गौदेते', म्हणजे आनंद करा. फिलिप्पैकरांस पत्रातला हा शब्द आजच्या प्रवेशगीताचा पहिला शब्द आहे, म्हणून हे नाव. आज जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रं आणि गुलाबी मेणबत्ती. दरवर्षी मी या रविवारी उत्साहात असतो. आज वाचन ऐकलं आणि मला पुढे नीट गाताच आलं नाही.

तीन वर्षांच्या वाचनचक्रात यंदा मत्तयाचं वर्ष आहे, म्हणून आज अकरावा अध्याय होता. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे. हाच तो, ज्याने आयुष्यभर 'मार्ग तयार करा' म्हणून घसा फोडला, ज्याने यार्देनेत येशूला ओळखलं. आणि तो आपल्या शिष्यांकरवी विचारतो: जो येणार होता तो तूच आहेस, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी?

आनंदाच्या रविवारी चर्चने हा प्रश्न का ठेवला असेल याचा विचार मी आजवर केला नव्हता. येशू त्याच्यावर रागावत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, दीनांना सुवार्ता सांगितली जाते, एवढं त्याला जाऊन सांगा म्हणतो. 'तुरुंगातून सुटशील' असं एक अक्षर नाही. आणि योहान सुटलाही नाही. पण निरोप्ये निघून गेल्यावर येशू लोकांसमोर त्याची बाजू घेतो, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत याच्याहून मोठा कुणी नाही म्हणतो. ज्याने शंका विचारली त्याच्याबद्दल!

रानजाई | १४ डिसेंबर, रात्री ११:२५

मी आज होते. सगळ्यांत मागच्या बाकावर, खांबाच्या आड. वाचनापुरतीच बसले.

तो प्रश्न माझा आहे. तो चर्चमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जातो हे मला माहीत नव्हतं, म्हणजे दर तीन वर्षांनी ऐकला असणार, पण माहीत नव्हतं.

चक्र लावलेलं नाही. लावणार नाही.

समई | १४ डिसेंबर, रात्री ११:५८

नका लावू. खांबाआड अजून एक जागा असेल तर पुढच्या वेळी मी येऊन बसेन, आपण एकमेकींना ओळखत नसलो तरी.

पायवाट | २० डिसेंबर, दुपारी ४:१५

एक गोष्ट राहिली होती. ती आजच्याच तारखेला सांगायची म्हणून थांबले.

१७ डिसेंबरपासून काळाचा सूर बदलतो. काळाच्या शेवटावरची नजर बेथलेहेमकडे वळते. १७ ते २३ या सात संध्याकाळी, सायंप्रार्थनेत मरियेच्या स्तोत्राआधी आणि नंतर, एकेक हाक म्हणतात. प्रत्येकीत ख्रिस्ताला जुन्या करारातलं एक नाव: हे ज्ञाना, हे अदोनाय, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उदया, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएला. प्रत्येक हाकेत तोच शब्द: ये. लॅटिन नावांची पहिली अक्षरं उलट्या क्रमाने लावली तर 'एरो क्रास' असं वाक्य बनतं, 'उद्या मी असेन'. ते मुद्दाम केलंय की आपोआप झालंय यात मला पडायचं नाही. शेवटची हाक २३ ला मारून झाली की सातही अक्षरं पुरी होतात, एवढं मला पुरे.

उद्याची हाक 'हे उदया' आहे, उगवत्या सूर्याची, आणि उत्तर गोलार्धात ती वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या रात्रींच्या तोंडावर येते. पण मला आजची सांगायची आहे. आज दाविदाच्या किल्लीची. 'तू उघडतोस आणि कुणी बंद करू शकत नाही, बंद करतोस आणि कुणी उघडू शकत नाही' असं म्हणून तिच्यात मागणं आहे: ये, आणि बंदिवानाला तुरुंगातून बाहेर काढ, अंधारात आणि मृत्यूच्या छायेत बसलेल्याला.

बोनहॉफरचं दार बाहेरून उघडणारं होतं. योहानाचंही. माझ्या बाकासमोरच्या दाराला मूठ नव्हती. ही प्रार्थना दाराच्या आतल्या माणसाने म्हणायची आहे, ज्याच्या हातात किल्ली नाही त्याने. आज संध्याकाळी सहाच्या सुमारास मी म्हणेन. रानजाई, तुमचं नाव मला माहीत नाही, 'रानजाई' म्हणूनच घेईन. तुमच्या बाळाचंही, नाव न घेता.

साधा_माणूस | २० डिसेंबर, संध्याकाळी ५:३०

आमच्याकडे ही हाक नाही. सहा वाजता मीही म्हणतो.

रानजाई | २० डिसेंबर, रात्री ८:४०

पूर्ण नाही म्हणता आली. 'ये' एवढंच म्हटलं.

बाळाचं नाव आम्ही ठेवलं होतं. कधीतरी सांगेन.